टेबलाचा पाय कोण धरून ठेवतो?

एक साधं सागवानी टेबल डोळ्यांसमोर आणा. पाय ६ सेंटिमीटर रुंद, तेवढाच जाड, उंची ७० सेंटिमीटर. नीट वाळलेला, गाठ नसलेला साग रेषांच्या दिशेने चेपायचा झाला तर चौरस सेंटिमीटरला जवळपास ६०० किलोंचा दाब सोसतो. गुणाकार केला की एका पायाच्या वाट्याला २० टनांहून अधिक येतात, चार पायांचे मिळून ८०. मेळघाटात कोलकासला पाहुण्यांना पाठीवरून जंगल दाखवणारा हत्ती ३-४ टनांचा असतो. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने तिथले सगळे हत्ती या टेबलावर चढवले तरी पायांना काही होत नाही. वरची फळी मोडेल, फरशी फुटेल, हत्ती रुसतील. पाय उभे राहतील.

आणि हेच टेबल दिवाळीच्या साफसफाईत एका कडेला धरून घरभर फरफटत नेलं की काही वर्षांत वाढयाला, म्हणजे सुताराला, निरोप जातो, “मिस्त्री, टेबलाचा पाय हालून रायला, येऊन पाहून जा.”

८० टनांचा धनी असा ओढाताणीने का हरतो? मला या प्रश्नाचं फार कौतुक वाटतं, कारण त्याचं उत्तर पायात नाहीच. ते पाय आणि आडवी पट्टी जिथे भेटतात तिथल्या अंधारात आहे, आणि बाहेरून त्यातलं काहीही दिसत नाही.

टेबल उलटं करून पाहा. फळीखाली चारही बाजूंनी उभ्या कडेच्या चार पट्ट्या, कोपऱ्यात चार पाय. प्रत्येक पट्टीचं टोक बारीक करून त्याची जीभ पायात घातलेली असते. या जिभेला कुसू म्हणतात. पायात तिच्यासाठी कोरलेली चौकोनी खोल खाच असते. वरून येणारं वजन फळीतून सरळ पायात आणि पायातून जमिनीत उतरतं, सांध्याला त्याची फारशी खबरही लागत नाही. सांध्याचा कस लागतो तो टेबल ओढताना. पायाचं टोक फरशीच्या फटीत अडकतं आणि वरून आपण ढकलत असतो. समजा टोकाशी १० किलोंचा जोर लागला. ७० सेंटिमीटरचा पाय ही मग एक लांब पहार झाली. पट्टीची रुंदी १० सेंटिमीटर, तिच्यात खरा जोर पेलणारं अंतर ७ सेंटिमीटर धरलं, तर आतल्या कुसवाच्या वरच्या आणि खालच्या कडेवर १०० किलोंचा रेटा येतो. एका हाताचा जोर दसपट होऊन जेमतेम बोटाएवढ्या जाडीच्या लाकडावर पडतो, तोही एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

आपल्या चौरंगाला हा त्रास नाही. त्याचे पाय वीतभर उंचीचे, त्यामुळे पहारही वीतभराची. सत्यनारायणाचा चौरंग वर्षानुवर्षं माळ्यावरून खाली आणि खालून माळ्यावर जातो, तरी त्याचे पाय सहसा डुगडुगत नाहीत, ते बरंचसं या आखूडपणामुळे.

आता लाकडाच्या आत जरा डोकावू. लाकूड म्हणजे तुराट्यांचा घट्ट बांधलेला भारा. उभा धरून दाबला तर दाद देत नाही, आडवा वाकवला तरी सहज मोडत नाही, पण दोन तुराट्यांच्या मध्ये विळ्याचं टोक घालून पिळलं की भारा उलगडतो. सागाचे तंतू असेच लांब, पोकळ, एकमेकांना चिकटलेले. म्हणून खिळा ठोकून पाय आणि पट्टी जोडली तर खिळा दोन तंतूंच्या मधून फट पाडतच आत जातो. पट्टीच्या टोकात तर तो तंतूंच्या दिशेनेच घुसतो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. कुसवाचं तसं नाही. पट्टीचे तंतू न तुटता सरळ पायाच्या पोटात जातात. सांधा म्हणजे एक लाकूड दुसऱ्याला टेकवणं नव्हे, एकाचे तंतू दुसऱ्याच्या आत नेऊन मुक्कामाला ठेवणं.

हे काम करताना वाढई बघण्यासारखा असतो. जुन्या पद्धतीचा कारागीर बाकावर नाही, जमिनीवर बसतो. लाकूड पायाच्या तळव्यांनी दाबून धरलेलं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. गुण्या लावून चारही बाजूंनी रेघ फिरवायची, गेजने खाचेच्या दोन समांतर कडा आखायच्या. पेन्सिलीची रेघ चालते, पण खांद्याच्या जागी, म्हणजे कुसू संपून पट्टीची पूर्ण जाडी सुरू होते तिथे, चांगला हात धारदार पात्याने रेघ ओढतो. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते, पात्याच्या रेघेला नसते; शिवाय पुढे पटाशी त्याच चिरेत बसते आणि तंतू उसवत नाहीत. कुसवाची जाडी पट्टीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवायची. जास्त जाड केलं तर खाचेच्या भिंती पातळ होऊन पाय चिरतो, पातळ केलं तर कुसूच मोडतं.

मग पायात खाच. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पटाशी उभी ठेवून मोगरीचे ठोके, तंतू आडवे तोडत जायचं आणि खपल्या उकरून काढायच्या. पायाच्या अगदी माथ्याजवळ खाच पाडताना माथा फुटण्याची भीती असते, म्हणून जाणता कारागीर पाय मुद्दाम दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवतो. सगळं ठोकून झालं, सांधा बसला, की तो जास्तीचा तुकडा करवतीने उडवायचा. काम झाल्यावर ज्याचा मागमूस राहत नाही अशा या तुकड्याने पाय वाचवलेला असतो. कुसवाची वरची कडही खाली उतरवून आखूड केलेली असते. नाहीतर खाच पायाच्या माथ्यापर्यंत उघडी पडली असती आणि सांधा वरून निसटायला मोकळा झाला असता.

सगळ्यात गंमत कोपऱ्यात आहे. एका पायात दोन पट्ट्या दोन दिशांनी येतात, दोन्ही एकाच उंचीवर. ६ सेंटिमीटरच्या लाकडात दोन खाचा काटकोनात एकमेकींना भेटतात. तिथे दोन कुसवं समोरासमोर आली की जागेसाठी भांडण ठरलेलं. तोड अशी काढली आहे की दोघांचीही टोकं ४५ अंशांत तिरपी कापायची. मग ती एकमेकांना न अडवता पायाच्या पोटात कुशीला कुशी लावून बसतात आणि दोघांनाही पुरेशी खोली मिळते. टेबल वापरणाऱ्याला जन्मात न दिसणाऱ्या जागी केलेला हा तिरपा काप मला देवळावरच्या नक्षीपेक्षा सुंदर वाटतो.

ही अक्कल माणसाला कधी आली असेल? झांबियात कलाम्बो धबधब्याजवळ पुरातत्त्वज्ञांना दोन ओंडके सापडले, एकावर एक आडवे. वरच्या ओंडक्याला खालच्यावर पक्कं बसावं म्हणून दगडी हत्याराने खाच पाडलेली होती. वय निघालं किमान ४ लाख ७६ हजार वर्षं. हे २०२३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या, कारण आपली आजची मानवजात त्या काळी अस्तित्वातच नव्हती. लाकडाला लाकूड बसवण्याची कला आपल्या जातीपेक्षा जुनी आहे! खरंखुरं कुसू आणि खाच मात्र बरीच अलीकडची. जर्मनीत लायपझिगजवळ ओकच्या लाकडाने बांधून काढलेल्या विहिरी सापडल्या. झाडांच्या वर्षवलयांवरून त्या सात हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या. कोपऱ्यात कुसवं आरपार काढून पाचरीने आवळलेली, आणि हे सगळं धातू माहीत नसलेल्या माणसांनी, दगडी वाकसांनी केलेलं.

आपल्याकडे इतक्या जुन्या लाकडाला वाळवी आणि पावसाने फारसं शिल्लक ठेवलं नाही. तरी कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या सागवानी कमानी जवळपास दोन हजार वर्षांपासून आहेत. आणि बुलढाण्याच्या पलीकडे अजिंठ्याला जा. तिथे दगड कोरणाऱ्यांनी छताला दगडाच्या कमानी कोरल्या, तुळया-वाश्यांचा आकार दिला. एकसंध डोंगरात कशाला कशाचा आधार लागत नाही, तरी त्यांच्या हाताला सुताराचं घर सोडवत नव्हतं.

वऱ्हाडाकडे परत येऊ, कारण माझं खरं म्हणणं इथल्या वस्तूंकडे पाहिल्यावरच नीट मांडता येतं. कुठलाही सांधा फक्त कापाच्या अचूकपणावर टिकत नाही. कोणीतरी त्याला सतत आवळून धरावं लागतं. हे आवळणारं कोण, ते शोधून ठेवणं ही वऱ्हाडातल्या जुन्या वाढयांची खरी हुशारी.

बंडीचं चाक घ्या. मधला तुंबा बाभळीचा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर पाट्यांचं कडं. प्रत्येक आऱ्याला दोन्ही टोकांना कुसू. एका चाकात इतके सांधे, आणि वरून कापसाच्या बोंदऱ्यांचं वजन, खालून नाल्याचे दगड. डिंकाने किंवा खिळ्यांनी हे चाक एक हंगामही टिकलं नसतं. म्हणून वाढयाचं काम संपलं की लोहाराचं सुरू व्हायचं. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी आखूड बनवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, सांडशीने धरून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव ५०० अंशांनी तापली तर तिचा घेर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. थंड होताना ते सगळं अंतर परत मागते. लाकूड कुरकुरतं, वाफ होते, प्रत्येक आरा तुंब्यात आत रेटला जातो, आणि पुढची कित्येक वर्षं ते लोखंड चाकाला चारी बाजूंनी मिठीत धरून असतं. त्या चाकाचा एकेक सांधा आगीने आवळलेला असतो.

बाजेचा प्रकार याहून चलाखीचा. बाज सोपी वाटते म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. चार खूर, चार गाते म्हणजे चौकटीचे दांडे, आणि विणलेली सुतळी. गात्यांची टोकं खुरांत घातलेली, बहुतेक वेळा ना डिंक, ना खिळा. सुतळी न विणलेली चौकट हातात उचलली तर खिळखिळी लागते. मग विणकाम सुरू होतं. सुतळी समोरासमोरच्या लांब गात्यांना एकमेकांकडे ओढते. ते गाते खुरांना घेऊन आत सरकू पाहतात, आणि खूर आखूड गात्यांच्या खांद्यांवर घट्ट दाबले जातात. पायाकडची दोरी ताणली की हेच दुसऱ्या दिशेने होतं. ज्या वस्तूवर झोपायचं तीच वस्तू सांधे आवळते, आणि तुम्ही वर आडवे झालात की सुतळीचा ताण आणखी वाढतो. बाज सैल झाली तर वाढयाची गरज नाही, घरातलं कुणीही दोरी ओढून तिला पुन्हा ताठ करतं. दुरुस्तीची सोय वापरणाऱ्याच्या हातात देऊन ठेवणारी ही रचना आजच्या महागड्या फर्निचरमध्ये शोधून सापडत नाही.

तिसरा धाब्याच्या घराचा. सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, वर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वरून पांढऱ्या मातीचा थर. खांबाच्या माथ्याचं कुसू तुळईच्या खाचेत. नीट पाहिलं तर हे माणसाला आत राहता येईल असं टेबलच आहे. फुटभर जाडीचा मातीचा थर धरला तर दर चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो होतात, एकेका खांबाच्या डोक्यावर काही टन. ते ओझं प्रत्येक सांधा खाली दाबून जागेवर ठेवतं. माती उतरवून तिथे पत्रे घातले की घर हलकं होतं आणि वाऱ्याने जुनी तुळई कधी नव्हे ती वाजायला लागते.

चाकाला धाव, बाजेला सुतळी, धाब्याला माती. टेबलाला कोण?

कुणीच नाही. टेबल हे वऱ्हाडच्या घरात उशिरा आलेलं लाकूड आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, अचलपूरजवळ परतवाड्याची छावणी, अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्या, १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचलेली रेल्वे, कापसाचा बाजार. या सगळ्यांबरोबर खुर्ची-टेबल शिरलं. पेढीवरचे मुनीम तेव्हाही गादीवर मांडी घालून वह्या लिहीत होते. तिफण, वखर, बंडी घडवणाऱ्या हातांना साहेबाचं टेबल करायला सांगितलं गेलं. कापायचं कसं ते या हातांना येत होतं. प्रश्न आवळण्याचा होता.

एक उत्तर फार देखणं आहे. पायाला आरपार छोटं भोक पाडायचं, कुसू आत घालून त्यावर त्या भोकाची खूण करायची, मग कुसू बाहेर काढून त्याचं भोक खुणेवर न पाडता खांद्याच्या दिशेने मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवून पाडायचं. आता सांधा परत बसवून बांबूची खुंटी ठोकली की तिला वाकड्या वाटेने जावं लागतं. वाकताना ती कुसवाला आत ओढते आणि पट्टीचा खांदा पायाला चिकटतो. बांबूचे तंतू लांब आणि चिवट, त्यामुळे खुंटी तुटत नाही, वाकलेली राहते आणि सरळ होण्याचा प्रयत्न करत राहते. त्या सरळ होऊ पाहण्यातच सांध्याची ताकद. चुकून केल्यासारखं वाटणारं ते सरकलेलं भोक म्हणजे टेबलाने स्वतःपुरती घडवलेली धाव.

दुसरं उत्तर चिकटपणाचं. आधी सरस होता, जनावरांच्या कातडीचा, पाण्यात भिजवून दुहेरी भांड्यात तापवायचा. वास असा की घरात काम चाललंय हे शेजारच्या गल्लीला कळावं. १९५९ साली फेविकॉल आला. थंडच लावायचा, वास नाही, भांडं नको. सुतारकामातली ही केवढी मोठी क्रांती होती हे आपण जाहिरातींवर हसता हसता विसरलो. तिची एक किंमत मात्र मोजावी लागली. सांधा ढिला बसला तरी ‘फेविकॉल भरेल’ असं म्हणायची सोय झाली. सागात मुळातच तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे चिकटायला तो फारसा राजी नसतो. ढिल्या खाचेत भरलेला चिकट थर काही दिवस धरतो, मग सोडतो.

साग असा हट्टी का, हेही ऐकण्यासारखं आहे. मेळघाटचं जंगल कोरड्या पानझडीचं, त्यात सागाचंच राज्य. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, पाऊस पडला की नवी पालवी आणि नवं लाकूड एकदम सुरू करतो. त्या सुरुवातीच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मोठ्या असतात, पुढच्या महिन्यांतल्या बारीक. म्हणून सागाच्या कापावर वर्षवलयं उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. परतवाड्याच्या लाकूड आगारात लिलावाला लावलेल्या ओंडक्याच्या तोंडाकडे पाहणारा जाणता माणूस कुठलं वर्ष पाण्याचं होतं आणि कुठलं कोरडं, याचा अंदाज बांधू शकतो. सागात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला नको असतं. शिवाय सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच. त्यामुळे पटाशीची धार दिवसातून अनेकदा जाते. सागवानाचं काम करणारा कारागीर आपल्या वेळेचा बराच वाटा धार लावण्यात घालवतो, आणि नवशिक्याला ते वेळ वाया घालवणं वाटतं.

तरीही टेबलाचा खरा शत्रू वाळवी नाही, वऱ्हाडचं आभाळ आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि देतं; मेल्यावरही देणंघेणं थांबत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकडातलं पाणी ४-५ टक्क्यांवर येऊ शकतं. श्रावणात तेच १५ टक्क्यांच्या घरात किंवा वर. हे पाणी पोकळ नळ्यांत नाही, नळ्यांच्या भिंतींत शिरतं आणि भिंती जाड करतं. म्हणून लाकूड आडवं फुगतं. लांबीला मात्र जवळजवळ तसंच राहतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, वलयांना आडवा २.५ टक्के, आणि लांबीत नगण्य.

आता या आकड्यांसह परत त्या अंधाऱ्या कोपऱ्यात चला. पट्टीचे तंतू आडवे, म्हणून तिचं कुसू उंचीत फुगणार. पायाचे तंतू उभे, म्हणून खाचेची उंची बदलणार नाही. ८ सेंटिमीटर उंचीचं कुसू ओलाव्यात १० टक्के चढ-उतार झाला तर हिशेबाने दीड मिलिमीटरपर्यंत वाढू पाहतं. कागदाच्या जाडीपर्यंत अचूक बसवलेल्या सांध्यात हे दीड मिलिमीटर जाणार कुठे? खाच हटत नाही, म्हणून कुसू स्वतःतच चेपलं जातं. एखाद्या टक्क्याच्या पुढे चेपलेला तंतू परत उभा राहत नाही. मग ऑक्टोबर जातो, मे येतो, कुसू आकसतं, पण आता मूळ मापापेक्षाही बारीक होतं. पुढच्या पावसात पुन्हा चेपणं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बारीक. खुर्च्या-टेबलं म्हातारपणी का डुगडुगतात याचं हे उत्तर आहे. वापराने झिजण्याआधी ती ऋतूंनी झिजतात. मुंबईच्या टेबलाला हा झोका इतका मोठा नसतो, वर्षभर दमटच. वऱ्हाडात झोक्याची दोन्ही टोकं लांब.

म्हणूनच जुने कारागीर रुंद पट्टीला एकच मोठं कुसू ठेवत नाहीत, मध्ये जागा सोडून दोन लहान करतात. प्रत्येकाचं फुगणं निम्म्यावर येतं. वलयांची दिशाही पाहून घेतात. आणि एक मजेशीर गोष्ट अशी की मार्च ते जून वऱ्हाडातल्या घराघरांत घोंघावणारा कूलर, जो माणसांसाठी लावलेला असतो, तो टेबलालाही सांभाळतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा खोलीतल्या लाकडाला पुरतं कोरडं होऊ देत नाही. पडवीत ठेवलेलं टेबल आधी हलायला लागतं, कूलरच्या खोलीतलं नंतर.

फळीचंही असंच. ९० सेंटिमीटर रुंदीची फळी वर्षभरात कागदी हिशेबाने दीड सेंटिमीटरपर्यंत रुंद-अरुंद होऊ शकते. पॉलिश आणि जाडीमुळे प्रत्यक्षात कमी, पण काही मिलिमीटर नक्की. तिला खालून स्क्रूंनी पक्कं जखडलं तर उन्हाळ्यात एक दिवस टाळीसारखा आवाज होऊन ती उभी चिरते. शहाणा कारागीर तिला पट्टीच्या आतल्या खाचेत अडकणाऱ्या छोट्या लाकडी ठोकळ्यांनी धरतो, जे तिला वर उचलू देत नाहीत पण आडवं सरकू देतात.

डुगडुगणाऱ्या टेबलाच्या बाबतीत एक खबरदारी मात्र घ्यावी. आधी पाय हलतोय की जमीन वर-खाली आहे ते पाहा. टेबल चौरस आणि चारही पाय सारखे असतील तर ओबडधोबड फरशीवरही टेबल जागच्या जागी फिरवत गेल्यास पाव फेरीच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. गणितज्ञांनी हे सिद्ध केलेलं आहे. अट एवढीच की जमीन बेताच्या चढ-उताराची चालेल, पायरीसारखी तुटलेली नको. लग्नाच्या मांडवात पायाखाली पुठ्ठा सारण्याआधी करून पाहण्यासारखं आहे.

पायच सैल असेल तर सांधा उघडावा लागतो. खुंटी बाहेर ठोकायची, कुसू सोडवायचं, जुना चिकट थर खरवडायचा, कुसवाच्या कडेला सागाचाच पातळ पापुद्रा लावून माप भरून काढायचं, नवी बांबूची खुंटी. हे काम मे महिन्यात केलं तर कुसू सर्वांत बारीक असताना खाच गच्च भरली जाते आणि आषाढात ते स्वतःलाच चिरडतं. श्रावणात केलं तर फुगलेल्या मापावर बसतं आणि होळीपर्यंत पुन्हा वाजतं. लाकूड मधल्या मापावर असतं दसऱ्यापासून पुढच्या महिना-दीड महिन्यात. नेमक्या त्याच दिवसांत तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी धरून आंदणाच्या पलंगांच्या आणि कपाटांच्या ऑर्डरी आलेल्या असतात, आणि मिस्त्री फोन उचलत नाही.